१६७५ सालचा समुद्र

एल निनो आला, म्हणजे पॅसिफिक महासागराचे पाणी तापले, की आपल्याकडचा पाऊस हात आखडता घेतो, हे गणित विसाव्या शतकाच्या अखेरीस हवामानशास्त्रज्ञांना पाठ झाले होते. महाराष्ट्र अजून विसरलेला नाही तो १९७२ चा दुष्काळ एल निनोच्या वर्षातला. १९८२ आणि १९८७ च्या तुटीच्या पावसाळ्यांतही पॅसिफिक महासागर तसाच तापलेला होता. १९९७ मध्ये तर तो इतका तापला, की त्या वर्षीच्या एल निनोची गणना शतकातल्या सर्वांत बलाढ्य एल निनोंमध्ये होते. साहजिकच दुष्काळाची धास्ती होती. प्रत्यक्षात देशात मोसमी पाऊस पडला सरासरीच्या १०२ टक्के. गणित चुकले होते. पण चूक आपल्या फायद्याची असल्याने कुणी तक्रार केली नाही.

त्याच वर्षी सुमात्राच्या पश्चिमेला असलेल्या मेंतावाई बेटांवर समुद्राने भलतेच रूप धरले. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ पाणी बारा महिने कोमट असते. १९९७ मध्ये तिथे खोलवरचे थंड पाणी वर आले. पावसाअभावी वाळलेली इंडोनेशियातली जंगले पेटली होती आणि वणव्यांच्या धुराबरोबर लोह समुद्रात पडत होते. खालून आलेली पोषकद्रव्ये आणि वरून आलेले लोह यांवर सूक्ष्म शैवाल बेसुमार माजले, पाणी लाल झाले, त्यातला प्राणवायू संपत गेला. सुमारे ४०० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यातले जवळजवळ सगळे प्रवाळ आणि मासे गुदमरून मेले.

कोकणात भाताची खाचरे भरली आणि मेंतावाईत मासे मेले, या दोन घटनांना जोडणारा धागा सप्टेंबर १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेखक चौघे: एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी, पी. एन. विनयचंद्रन आणि तोशिओ यामागाता. चौघांपैकी तिघे भारतीय. गोस्वामी पुढे पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे, म्हणजे आयआयटीएमचे, संचालक झाले. हिंदी महासागराचा स्वतःचा एक झोका असतो, पॅसिफिकमध्ये काय चालले आहे याच्याशी त्याचा संबंध असेलही आणि नसेलही, असे या चौघांनी दाखवले. त्या झोक्याला इंडियन ओशन डायपोल म्हणतात. आता दर एप्रिलमध्ये मान्सूनचा अंदाज जाहीर होतो तेव्हा एल निनोपाठोपाठ ‘आयओडी’ हे नाव हमखास येते, ते हेच.

हा झोका मुळात प्रवाहाचा खेळ आहे. हिंदी महासागरात विषुववृत्तालगत वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पश्चिमेकडून पूर्वेकडे एक वेगवान प्रवाह धावतो. क्लाउस विर्टकी यांनी १९७३ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला विर्टकी जेट असे नाव पडले. हा प्रवाह उबदार पाणी सुमात्राच्या दिशेने लोटतो आणि पूर्वेकडे त्या पाण्याचा जाड थर साठतो. काही वर्षी मात्र वारे उलटे वाहू लागतात. शरदातला प्रवाह मंदावतो, कधी नाहीसाच होतो. सुमात्रा-जावाच्या किनाऱ्यालगतचे पाणी दूर ढकलले जाते आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर येते. तिकडे आफ्रिकेच्या बाजूला समुद्र तापतो, बाष्प वाढते, ढग पश्चिमेकडे सरकतात. हा झाला धन डायपोल. इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया कोरडे पडतात, पूर्व आफ्रिकेत पूर येतात आणि भारताच्या पावसाला बहुधा टेकू मिळतो.

गोवा आणि दक्षिण कोकणच्या मच्छीमारांचाही या झोक्याशी संबंध आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आपल्या किनाऱ्यालगत खालच्या थरातले पाणी प्राणवायूला मुकते. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा त्याचा काळ. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासाने २०१७ मध्ये दाखवले, की धन डायपोलच्या वर्षांत हे प्राणवायूशून्य पाणी किनाऱ्यावर चढत नाही. विषुववृत्तावर वाऱ्याने उठवलेल्या महाकाय, मंद लाटा बंगालच्या उपसागराला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यापर्यंत येतात आणि इथल्या उबदार थराची जाडी बदलतात. सुमात्राजवळ वारा फिरला की मालवणच्या तळाशी पाणी बदलते, इतका हा समुद्र एकजीव आहे.

आता खरा प्रश्न. हा झोका नेहमी असाच होता, की पृथ्वी तापू लागल्यापासून तो बिघडला आहे?

उत्तर द्यायला मोजमापे हवीत आणि ती फारच तोकडी आहेत. उपग्रह समुद्रपृष्ठाचे तापमान १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नीट मोजू लागले. समुद्राची उंची टिपून प्रवाहांचा अंदाज देणारा उपग्रह १९९२ मध्ये गेला. स्वतःहून खाली-वर करत पाण्याचे तापमान आणि क्षार मोजणारे आर्गो तरंगक या शतकातले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. तो सलग मोजणारी उपकरणे समुद्रात सोडल्याला दोन दशकेसुद्धा जेमतेम होतात. त्याआधीचा भरवसा जहाजांच्या नोंदवह्यांवर. पण जहाजे व्यापाराच्या वाटेने जातात. मुंबई-एडन-सुएझ मार्गावर नोंदी भरपूर मिळतील. मेंतावाईच्या आडवळणाला थर्मामीटर बुडवायला कोण जाणार होते? दहा-पंधरा वर्षांनी एकदा येणारी टोकाची घटना वाढली की घटली, हे चाळीस वर्षांच्या नोंदीवरून सांगणे म्हणजे अंदाजपंचे कारभार.

मेंतावाईला थर्मामीटर नव्हता, पण प्रवाळ होते.

हिंदी आणि पॅसिफिक महासागरांत पोराइट्स नावाचा प्रवाळ घुमटासारखा वाढतो. त्याच्या पृष्ठभागावर काही मिलिमीटर जाडीचा जिवंत थर असतो. खाली सगळा त्याच जिवांनी शतकानुशतके रचलेला चुनखडीचा सांगाडा. वर्षाला साधारण एक ते दोन सेंटिमीटर या गतीने तो वर चढतो. माणसाच्या दुप्पट उंचीची वसाहत असेल तर तिच्या बुडाशी दोन-तीनशे वर्षांपूर्वीचा समुद्र असतो. झाडाच्या खोडात वलये असतात तसे या सांगाड्यात दाट आणि विरळ पट्टे असतात. दोन्ही मिळून एक वर्ष. एकाच जागी चिकटून राहायचे, रोज थोडे बांधायचे आणि बांधण्यासाठी सभोवतालचेच पाणी वापरायचे, ही प्रवाळाची सवय शास्त्रज्ञांच्या पथ्यावर पडली.

दाट-विरळ जोडी म्हणजे एक वर्ष, हे सिद्ध कसे झाले त्याची गोष्ट सुन्न करणारी आहे. मार्शल बेटांपैकी एनेवेटाक या कंकणद्वीपावर अमेरिकेने १९४८ ते १९५८ या काळात ४३ अणुचाचण्या केल्या. पहिला हायड्रोजन बॉम्ब १ नोव्हेंबर १९५२ रोजी तिथेच फुटला आणि त्यात एलुगेलाब नावाचे बेट नकाशावरून पुसले गेले. नुटसन, बुडेमायर आणि स्मिथ या संशोधकांनी तिथल्या प्रवाळांचे काप काढून क्ष-किरणांनी तपासले तेव्हा पट्टे दिसले. आणि त्याच कापांतली किरणोत्सारी द्रव्ये फिल्मवर उमटवली तेव्हा चाचण्यांची वर्षे ओळीने समोर आली. स्फोटांच्या तारखा जगजाहीर होत्या. दोन स्फोटांमधले पट्टे मोजले, हिशेब जुळला. १९७२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या या निबंधापासून प्रवाळांच्या कालगणनेला पक्का पाया मिळाला. बॉम्ब टाकणाऱ्यांच्या मनात हे कधीच नव्हते.

गाभा काढण्याचे काम अंगमेहनतीचे. पाणबुडे हवेच्या किंवा तेलाच्या दाबावर चालणारे ड्रिल घेऊन उतरतात आणि घुमटाच्या माथ्यावरून पोकळ पाते उभे घालतात. हाती येतो मनगटाएवढा जाड दगडी दांडा, तुकड्यातुकड्यांनी. भोक सिमेंटने बुजवतात, म्हणजे पोखरणारे जीव आत शिरत नाहीत आणि प्रवाळ त्यावरून पुन्हा वाढतो. मग प्रयोगशाळेत त्या दांड्याचे पातळ काप, त्यांचे क्ष-किरण चित्र आणि वाढीच्या रेषेवरून मिलिमीटरभराच्या अंतराने खरवडलेली पूड. पुडीच्या प्रत्येक चिमटीत साधारण एका महिन्याचा समुद्र. एका गाभ्यातून अशा हजारो चिमट्या निघतात. या कामाला चिकाटी लागते, आणि पैसा मिळवताना आणखी जास्त.

पुडीत दोन गोष्टी मुख्यत्वे पाहतात. पहिली, ऑक्सिजनचे जड आणि हलके समस्थानिक. पाणी एक अंश सेल्सिअसने तापले की सांगाड्यातल्या जड ऑक्सिजनचे प्रमाण हजारात सुमारे ०.२ ने उतरते. पण मुसळधार पाऊस पडला तरी ते उतरते, कारण पावसाच्या पाण्यात जड ऑक्सिजन कमी असतो. इथे घोटाळा होतो: समुद्र तापला की पाऊस वाढला? म्हणून दुसरी गोष्ट, स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम यांचे गुणोत्तर. तापमान वाढले की ते किंचित घटते, अंशाला एका टक्क्याहूनही कमी, पण पावसाशी त्याचे देणेघेणे नसते. दोन्ही मापे शेजारी ठेवली की तापमान वेगळे आणि पाऊस-क्षारता वेगळी काढता येते.

पण तापमान म्हणजे प्रवाह नव्हे. प्रवाळाला प्रवाहाचा वेग कळत नाही. पाणी कुठून आले याच्या खुणा तेवढ्या तो ठेवतो. त्या ओळखायला संशोधकांनी शोधलेल्या युक्त्या या शास्त्रातला सर्वांत मजेदार भाग आहेत.

एक युक्ती रेडिओकार्बनची. हवेतून समुद्राच्या वरच्या थरात कार्बन-१४ येत राहतो. जे पाणी खोल जाते त्याचा हवेशी संबंध तुटतो आणि त्यातला कार्बन-१४ विघटित होत जातो, ५,७३० वर्षांत निम्मा. म्हणजे खोल पाणी या मापाने ‘म्हातारे’ असते. १९५० च्या दशकात आणि १९६० च्या सुरुवातीला झालेल्या बॉम्बचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट केला; त्यामुळे वरचे पाणी आणि खालचे पाणी यांतला फरक आणखी ठळक झाला. प्रवाळाच्या एखाद्या पट्ट्यात कार्बन-१४ कमी सापडला की त्या महिन्यात खालचे पाणी वर आले होते. एलन ड्रफेल यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून फ्लोरिडा आणि गॅलापागोसच्या प्रवाळांवर हे काम उभे केले. पुढे गिल्डरसन आणि श्रॅग यांना १९९८ मध्ये गॅलापागोसच्या प्रवाळात दिसले, की थंड हंगामात वर येणाऱ्या पाण्यातला कार्बन-१४ १९७६ नंतर एकदम वाढला आहे. म्हणजे पूर्वीइतके खोलवरचे पाणी आता वर येत नव्हते. पॅसिफिकच्या पोटातली मांडणी एका-दोन वर्षांत बदलली आणि तिचा पुरावा एका दगडी दांड्यात मिळाला.

दुसरी युक्ती तारावाची. किरिबाती देशातल्या या कंकणद्वीपाच्या लगूनचे तोंड पश्चिमेला उघडे आहे. व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात, तेव्हा लगून शांत असते. ते दुबळे पडून पश्चिमेचा वारा सुटला की लाटा आत घुसतात, तळचा गाळ ढवळतात आणि गाळातले मँगनीज पाण्यात मिसळते. ते प्रवाळात उतरते. म्हणजे मँगनीजचा प्रत्येक उंचवटा म्हणजे पश्चिमी वाऱ्याची एक चढाई. डायन थॉम्पसन, ज्युलिया कोल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ही नोंद उलगडली. १९१० ते १९४० या काळात, जेव्हा पृथ्वी झपाट्याने तापत होती, तेव्हा व्यापारी वारे दुबळे होते. पुढे तापमानवाढ मंदावली तेव्हा ते जोरात होते. विषुववृत्तीय प्रवाहांना ढकलणारे हेच वारे. ते जोरात असले की समुद्र उष्णता पोटात घेतो, मंदावले की हवेत सोडतो. तापमानवाढीचा आलेख सरळ न चढता पायऱ्यापायऱ्यांनी का चढतो, याचे एक कारण इथे सापडते.

आता पुन्हा मेंतावाई. १९९७ च्या प्रवाळसंहाराचा उलगडा २००३ मध्ये करणाऱ्या गटाच्या प्रमुख होत्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या नेरिली एब्रम. त्यांनी तिथल्या हजारो वर्षांपूर्वीच्या प्रवाळांतही तसाच थंड पाण्याचा उमाळा शोधला आणि तो सापडला. पण त्या वेळी प्रवाळ मेले नव्हते. फरक वणव्याचा होता. एब्रम नंतरही त्या बेटांना सोडून गेल्या नाहीत, आणि त्याला कारण होते. डायपोलचा थंड ठसा जिथे सर्वांत स्पष्ट उमटतो ती ही जागा. शिवाय सुमात्राच्या किनाऱ्यालगत एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो. मोठ्या भूकंपात बेटे उचलली जातात, किनाऱ्याचे प्रवाळ पाण्याबाहेर येऊन मरतात आणि तसेच्या तसे राहतात. केरी सीह, डॅनी नातावीजाजा हे भूकंपतज्ज्ञ याच बेटांवरच्या प्रवाळांतून जुन्या भूकंपांच्या तारखा काढत होते. एकाच दगडात एकाला भूकंप वाचता येतो आणि दुसऱ्याला समुद्राचा प्रवाह.

मेलेल्या प्रवाळाचे पट्टे मोजले तर तो किती वर्षे जगला ते कळते. कोणत्या वर्षांत जगला ते कळत नाही. त्यासाठी युरेनियम-थोरियम पद्धत. समुद्राच्या पाण्यातले युरेनियम प्रवाळ सांगाड्यात घेतो, थोरियम जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे आज सांगाड्यात सापडणारे थोरियम हे तिथल्या तिथे युरेनियम विघटित होऊन झालेले असते. दोघांचे प्रमाण मोजले की वय निघते, आणि काही शतकांपूर्वीच्या प्रवाळासाठी ते थोड्याच वर्षांच्या फरकाने अचूक असते.

या सगळ्या तुकड्यांची जोडणी करून एब्रम आणि सहकाऱ्यांनी मार्च २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये डायपोलचा गेल्या सहस्रकाचा इतिहास मांडला. नोंद इ. स. १२४० पासूनची, सलग नाही, तुकड्यातुकड्यांनी मिळून सुमारे पाचशे वर्षांची. तीत टोकाचे धन डायपोल सापडले दहा. त्यांतले चार गेल्या साठ वर्षांतले.

आणि एक भलताच पाहुणा सापडला. १६७५ साली, रायगडावर राज्याभिषेक होऊन वर्ष उलटले होते तेव्हा, सुमात्राजवळचा समुद्र असा गार पडला, की १९९७ चा झोका त्याच्यापुढे फिका ठरावा. आकडेमोडीची अनिश्चितता धरून १६७५ ची घटना १९९७ पेक्षा २७ ते ४२ टक्के मोठी निघते. तेव्हा कोळशाची इंजिने नव्हती, कार्बन डायऑक्साइडची वाढ नव्हती. समुद्राने हे आपल्या आपण केले होते.

या शोधासमोर दोन सोयीचे समज तपासायला हवेत. ‘पाहा, पूर्वीही असे होत होते, मग माणसाला दोष कशाला?’ हा एक. तो टिकत नाही, कारण दहांपैकी चार घटना एवढ्या थोड्या वर्षांत दाटीने आल्या आहेत आणि १९६० पूर्वी त्या क्वचितच घडत. १९९७ म्हणजे निसर्गाची कमाल मर्यादा, हा दुसरा आणि अधिक धोक्याचा. धरणे, पीकविमा आणि पूररेषा आखणारे लोक गेल्या पन्नास-शंभर वर्षांतल्या सर्वांत वाईट वर्षाला शेवटची पायरी धरतात. १६७५ सांगते, की माणसाचा हात लागला नव्हता तेव्हाही त्याखाली आणखी पायऱ्या होत्या. वेन्जू त्साय आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये संगणकीय प्रारूपांवरून काढलेला अंदाज असा, की हरितगृह वायू असेच वाढत राहिले तर टोकाचे धन डायपोल सुमारे १७ वर्षांतून एकदाऐवजी सुमारे ६ वर्षांतून एकदा येतील. प्रारूपांवर शंका घेता येते. प्रवाळांची नोंद मात्र त्याच दिशेला बोट दाखवते.

असा झोका कसा असतो ते २०१९ मध्ये जगाने पाहिले. भारतात मोसमी पाऊस सरासरीच्या ११० टक्के झाला आणि सप्टेंबर तर कमालीचा ओला गेला. पूर्व आफ्रिकेत पूर आले. ऑस्ट्रेलियात जंगले महिनोन्‌महिने जळली. पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानातल्या अवेळीच्या ओलाव्यावर टोळ पोसले गेले, आणि त्यांच्या धाडी मे २०२० मध्ये अमरावती-नागपूरपर्यंत पोहोचल्या. सांगली-कोल्हापूरचा ऑगस्टमधला महापूर सरसकट डायपोलच्या खात्यावर टाकणे मात्र चुकीचे. नदीपात्रे, धरणांतला विसर्ग आणि त्या आठवड्यांतला पाऊस यांचा हिशेब स्वतंत्र आहे. डायपोल हंगामाचा कल ठरवतो, एखाद्या तालुक्याचा दिवस नाही.

हिंदी महासागराच्या दुसऱ्या टोकालाही प्रवाळ बोलतात. पॅसिफिकमधले उबदार पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून हिंदी महासागरात उतरते. सेकंदाला सुमारे दीड कोटी घनमीटर, जगातल्या सगळ्या नद्यांच्या एकत्रित पाण्याच्या कित्येक पट. त्यातला काही भाग ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे वाहतो, तो ल्यूविन प्रवाह. खंडांच्या पश्चिम किनाऱ्यांवरचे बाकीचे मोठे प्रवाह विषुववृत्ताकडे थंड पाणी नेतात. हा एकटा उलटा, उबदार पाणी ध्रुवाकडे नेणारा. त्याच्या वाटेत हाउटमन अब्रोल्होस बेटे आहेत, जिथे १६२९ मध्ये ‘बटाविया’ हे डच जहाज फुटले होते. येन्स झिंके आणि सहकाऱ्यांनी तिथल्या प्रवाळांवरून १७९५ ते २०१० पर्यंतचा ल्यूविनचा इतिहास २०१४ मध्ये मांडला. प्रवाह वर्षावर्षाला आणि दशकादशकाला कमीजास्त होत आला आहे, यात नवल नाही. पण २१५ वर्षांतले तापमानाचे आणि समुद्रपातळीचे सर्वांत टोकाचे चढ १९८० नंतरचे आहेत. २०११ च्या उष्णलाटेत तर त्या किनाऱ्यावरची समुद्री शैवालाची जंगले करपली.

या शास्त्राला मर्यादा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. शेजारशेजारच्या दोन वसाहती एकच वर्ष थोडे वेगवेगळे नोंदवतात. आजारी किंवा मंद वाढणारा प्रवाळ भलतेच तापमान सांगू शकतो. एका गाभ्यावर इमारत उभी करणाऱ्यांची फजिती होऊ शकते, आणि नवा पुरावा आला की चित्र बदलते. किम कॉब यांचे उदाहरण घ्या. पॅसिफिकमधल्या पाल्मिरा बेटावर वादळांनी किनाऱ्यावर फेकलेले जुने प्रवाळ गोळा करून त्यांनी २००३ मध्ये सहस्रकाची नोंद मांडली. त्या नोंदीतला सर्वांत जोरदार एल निनोचा काळ निघाला सतराव्या शतकाचा मध्य, आजचा नव्हे. तापमानवाढीने एल निनो बळावतो असे म्हणणाऱ्यांची अडचण झाली. कॉब यांनी निष्कर्ष सोयीने वाकवला नाही. आणखी प्रवाळ गोळा केले. २०२० मध्ये त्यांच्या गटाने कितीतरी मोठ्या साठ्यावरून सांगितले, की गेल्या पन्नास वर्षांतला एल निनोचा झोका औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सुमारे २५ टक्क्यांनी मोठा आहे. सतरा वर्षे लागली. एवढ्या चिकाटीने काढलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मात्र प्रवाळांचे हे दफ्तर मोडकळीला आले आहे. कॉब यांचे दुसरे कामाचे ठिकाण, किरिबातीतले ख्रिसमस बेट, २०१५-१६ च्या एल निनोत महिनोन्‌महिने गरम पाण्यात राहिले आणि तिथले बहुतेक प्रवाळ मेले. ज्या समुद्राची नोंद ते हजारो वर्षे ठेवत आले, त्याच समुद्राने त्यांना मारले.

आपल्या दारातही तेच चालू आहे. तसे भारतात प्रवाळांचे हे वाचन नवे नाही. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत आर. रमेश आणि सुप्रियो चक्रवर्ती यांनी १९९० च्या दशकातच कच्छच्या आखातातले आणि लक्षद्वीपचे प्रवाळ तपासले. एप्रिल-मेमध्ये तापलेला लक्षद्वीपचा समुद्र मोसमी वारे सुरू होताच कसा झपाट्याने गार होतो, याचा ठसा त्यांना त्या सांगाड्यात मिळाला. कच्छच्या प्रवाळातल्या बॉम्बजन्य कार्बनवरून हवा आणि अरबी समुद्र यांच्यातली देवाणघेवाण मोजण्याचाही प्रयत्न झाला. चक्रवर्ती यांनी पुढे पुण्याच्या आयआयटीएममध्ये हे काम चालू ठेवले. पण मेंतावाई, सेशेल्स, केनियाचे मालिंदी किंवा अब्रोल्होस यांच्यासारखी शतकांची, अनेक गाभ्यांनी पडताळलेली नोंद अरबी समुद्राच्या आपल्या बाजूला उभी राहिलेली नाही. मान्सूनवर जगणाऱ्या देशाला हे शोभत नाही.

कोकणच्या किनाऱ्यावरून ती मिळणेही कठीण. मालवणच्या सागरी अभयारण्यात प्रवाळ आहेत, पण गढूळ पाण्यातल्या त्या वसाहती लहान. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारा अँग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा अधिक आशेचा. तिथे पाणी स्वच्छ आहे. पण लांब नोंदीसाठी खरी जागा लक्षद्वीपच. आणि तिथे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ अशा चार उष्णलाटांनी प्रवाळ पांढरे पडले. अगत्ती, कदमत आणि कावारत्ती या बेटांभोवतीचे जिवंत प्रवाळांचे आच्छादन १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के होते. २०२२ पर्यंत ते सुमारे १९ टक्क्यांवर आले. मेलेल्या वसाहतीचा सांगाडाही वाचता येतो, पण समुद्रातले शिंपले, कृमी आणि स्पंज तो पोखरून टाकण्याआधी गाठला तरच.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांना २००१ पासून स्थान आहे, ते योग्यच. त्यामुळे कुणीही उठून ड्रिल चालवू नये. पण सरकारनेच नियोजन करून, परवानग्या एका जागी आणून, लक्षद्वीपच्या आणि अंदमानच्या सर्वांत जुन्या वसाहतींचे गाभे काढून ठेवायला काय हरकत आहे? २०२१ मध्ये केंद्राने खोल समुद्राच्या मोहिमेसाठी ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले. तिच्या मानाने हे काम किरकोळ आहे. समस्थानिक मोजण्याची यंत्रे आणि ती चालवणारी माणसे पुण्यात, गोव्यात, अहमदाबादेत आहेत. आज सगळ्या गाभ्यांचे विश्लेषण झाले नाही तरी चालेल. ते व्यवस्थित खुणा करून कपाटात ठेवले तर पुढची पिढी अधिक चांगल्या यंत्रांनी वाचेल. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने हे पुढच्या एल निनोच्या आधी करावे.